मागचे चाक

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या भागात ट्रॅक्टरची पूजा होते, तेव्हा झेंडूचा हार बॉनेटला पडतो, हळदकुंकवाची बोटे इंजिनाच्या कवचावर उमटतात, आंब्याचा डहाळा स्टिअरिंगला बांधला जातो, आणि ज्याच्या आधारावर हा सारा सरंजाम उभा असतो त्या मागच्या चाकाच्या वाट्याला केवळ एक लिंबू येते, तेही चिरडण्यासाठी. मानपानाची ही वाटणी मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे. महसूल खात्याच्या चाकरीत उभे आयुष्य गेल्यामुळे कोणत्याही वाटणीकडे संशयाने पाहण्याची जी खोड जडली, तिचाही यात काही अंश असेल. परंतु निवृत्तीनंतर नीरेच्या डाव्या कालव्याखालील आमच्या गावी येऊन राहिल्यापासून, पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या निमित्ताने या काळ्या, चिखलाने माखलेल्या, अबोल अवयवाशी माझा जो परिचय वाढत गेला, त्यावरून माझे मत असे बनले आहे की, नांगरटीचे सारे श्रेय इंजिनाला देणे हे पिकाचे श्रेय सावकाराला देण्याजोगे आहे. पन्नास अश्वशक्तीचा म्हणून ज्याची किंमत आपण दुकानात मोजून देतो, त्या पन्नासांपैकी जमिनीपर्यंत प्रत्यक्षात किती पोहोचतात, याचा निवाडा मागच्या टायरखालच्या, सुमारे एक फूट रुंद आणि दीड फूट लांब अशा तुकड्यावर होतो; आणि त्या तुकड्याकडे वाकून पाहणारा मनुष्य विरळा.

माझ्या लहानपणी चाक म्हणजे लाकूड आणि लोखंड. गावचा सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून चाक उभे करी, आणि त्यावर धाव चढविण्याचा दिवस आला म्हणजे लोहाराच्या आवारात आम्हा पोरांची जत्रा जमे. धाव चाकाच्या घेरापेक्षा बुद्ध्याच किंचित लहान ठेवलेली असे. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होऊन फुगली की चौघे जण सांडशांनी उचलून ती पुठ्ठ्यांवर बसवीत, लाकडाचा धूर नाकातोंडात जाई, आणि वरून घागरी रिकाम्या होताच ती आकसून सगळ्या सांध्यांना अशी करकचून आवळी की पुढे कित्येक पावसाळे त्या चाकाला सैलपणा ठाऊक नसे. ताठरपणा हाच त्या चाकाचा गुण होता, आणि तो त्याला शोभतही होता. कारण बैलगाडीच्या चाकाला स्वतः काही ओढायचे नसते, ते बैलांमागून निमूटपणे गडगडत जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची गोष्ट अगदी उलट. येथे बैल, जू आणि चाक ही तिन्ही एकाच वर्तुळात कोंबलेली आहेत. चाकाने जमिनीला धरायचे, मागे रेटायचे, आणि त्या रेट्याच्या बळावर पाठीमागचा नांगर ओढून न्यायचा. हा भेद ध्यानात येईपर्यंत यंत्रविद्येच्या पंडितांनीही बरीच वर्षे घालविली. आरंभीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाके असत, आणि पकड यावी म्हणून त्यांवर पाचरीसारखे लोखंडी दाते ठोकलेले असत. ते दाते मऊ जमिनीत रुतत, कठीण जमिनीवर आदळत, झाडांची मुळे तोडीत, रस्त्याची चाळण करीत, आणि चालकाच्या पाठीच्या कण्याचा जो हिशेब होई तो वेगळाच.

हवेच्या टायरची कल्पना तशी जुनी. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने तिचे पेटंट १८४५ साली घेतले, पण तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा शोधून काढली, आणि तेव्हापासून सायकल आणि मोटार दोन्ही हवेवर चालू लागल्या. शेतात मात्र हवा शिरायला आणखी जवळजवळ चार तपे जावी लागली. १९३२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ॲलिस-चाल्मर्स कंपनीच्या ‘मॉडेल यू’ या ट्रॅक्टरला फायरस्टोनचे विमानाचे टायर चढवून नांगरटीची परीक्षा घेण्यात आली, आणि असे आढळले की लोखंडी दात्यांपेक्षा ही मऊ, फुगीर, दिसायला काहीशी हास्यास्पद चाके अधिक ओढतात. शेतकऱ्यांचा विश्वास काही बसेना. तेव्हा कंपनीने बार्नी ओल्डफील्ड या मोटारशर्यतीतील नामांकित स्वाराला ट्रॅक्टरवर बसविले आणि १९३३ साली डॅलस येथे ताशी ६४ मैलांच्या वर वेग गाठून दाखविला. ज्या यंत्राचे खरे काम ताशी तीन-चार मैलांनी चालते, त्याची पत सिद्ध करण्यासाठी त्याला शर्यतीच्या घोड्यासारखे पळवावे लागावे, यात लोकस्वभावाचे जे दर्शन घडते ते काही केवळ अमेरिकेपुरते मर्यादित नाही. पुढे महायुद्धात १९४२ साली मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले, रबराचा दुष्काळ पडला, आणि अमेरिकेतील कारखान्यांतून नवे ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकांवर बाहेर पडू लागले, तेव्हा कोठे हवेची किंमत शेतकऱ्याला पुरतेपणी कळली.

हवा अधिक ओढते याचे कारण ती वाकते. भाराखाली टायर खालून चपटा होतो, त्याची कूस फुगते, आणि एका वेळी एकाऐवजी तीन-चार दाते मातीत उतरतात. ज्या मातीला लोखंडाने फाडले असते तिला हे रबर दाबून धरते आणि मग तिच्यावर रेटा देते. हे वाकणे हाच टायरचा सगळा व्यवसाय आहे, आणि टायर चढविण्यापासून त्याची निगा राखण्यापर्यंत जे जे काही करावयाचे असते, ते सारे हे वाकणे हव्या त्या प्रमाणात राहावे यासाठीच असते. मागच्या टायरात नांगरटीला बारा ते पंधरा पाउंड हवा पुरते. पुढच्या लहान टायरात तीसच्या आसपास लागते. मोटारीची सवय असलेल्या मनुष्याला हा बारा पाउंडांचा आकडा ऐकून चाक बसल्याचा भास होतो, आणि तो चांगुलपणाने पंचवीस भरून देतो. मग टायर ढोलासारखा ताठ होतो, नक्षी केवळ मधोमध टेकते, चाक जागच्या जागी भुईला खरवडू लागते, आणि डिझेलचा खर्च का वाढला याची चौकशी इंजिनाच्या कारागिराकडे सुरू होते. उलट दिशेनेही सोय नाही. हवा फार उतरली तर कुशीला भेगा पडतात, टायर रिमवर सरकतो, आणि त्यासरशी ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून उपटला जातो. उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने कारखान्याकडे जावयाचे असेल, तर हवा थोडी वाढवावी आणि शेतात परतल्यावर उतरवावी, हे सर्वांना ठाऊक असते; वाढविण्याचा भाग सर्व जण पाळतात.

टायरच्या कुशीवर त्याचा दस्तऐवज कोरलेला असतो, आणि कागद वाचण्याची सवय असल्यामुळे मला तो वाचण्यात विशेष रस वाटतो. पुतण्याच्या मागच्या टायरवर १३.६–२८ असे लिहिले आहे: पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. शेजारी एक बाण असतो. हा बाण सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. मागच्या टायरची नक्षी व्ही या इंग्रजी अक्षराच्या आकाराची असते, आणि चाक पुढे फिरताना त्या आकाराचे टोक मातीला आधी लागले पाहिजे, पसरलेले दोन पाय नंतर. म्हणजे दात्यांमध्ये शिरलेला चिखल मधून दोन्ही बाजूंना रेटला जाऊन कडेने गळून पडतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागे उभे राहून पाहिले असता टोके आभाळाकडे दिसली की टायर बरोबर चढला असे समजावे. चाक उलटे चढविले तर तोच चिखल मध्यभागी गोळा होतो, दाते बुजतात, आणि टायर गुळगुळीत लाटणे होऊन बसतो. यावरून एक गंमत अशी निघते की, ओल्या बांधावर उमटलेली खूण पाहून ट्रॅक्टर कोणीकडे गेला हे सांगता येते: व्हीचे तोंड जिकडे उघडे, तिकडे तो गेला. बांधकोराच्या तक्रारींच्या पाहणीला आम्ही जात असू तेव्हा पंचांपुढे हे ज्ञान मला असते, तर एकदोन पंचनामे अधिक चुरचुरीत झाले असते.

आता टायर चढविण्याविषयी. आमच्या हमरस्त्यावरील टायरची दुकाने पुष्कळशी केरळातून आलेल्या मंडळींच्या हाती आहेत, आणि त्यांपैकी एका दुकानाच्या दारात, कॉम्प्रेसरच्या धडधडीत, चहाचा कप हाती घेऊन बसण्याचा योग मला वारंवार येतो. दुकानदाराला सारा तालुका अण्णा म्हणतो. अंगकाठीने तो किरकोळ. त्याच्या छातीला लागेल एवढे ते चाक पाहून नवख्याला वाटावे की, हे काम चार पहिलवानांचे आहे. प्रत्यक्षात बळाचा उपयोग फक्त आरंभी होतो. ट्रॅक्टर सपाट आणि कठीण जागी उभा करून पुढच्या चाकांना दगड लावायचे, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे, मग मागच्या आसाच्या घराखाली फळी ठेवून जॅक लावायचा आणि त्या जॅकवर विश्वास न ठेवता शेजारी लाकडी ठोकळे रचायचे. एवढे झाले की चाक उतरते. टायरात वजनासाठी पाणी भरलेले असेल तर वॉल्व्ह खाली आणून ते आधी सोडून द्यावे लागते. पुढे वॉल्व्हची पिन काढून उरलीसुरली हवा घालवायची, आणि गंजाने रिमला चिकटलेली टायरची कड घणाने व पाचरीने सोडवायची. येथपर्यंत घाम आहे. यापुढे अक्कल आहे.

टायरच्या कडेत पोलादी तारांचे वेढे असतात. ही कड ताणली जात नाही; तिचा घेर रिमच्या बाहेरच्या काठापेक्षा लहान असतो, आणि तरीही ती त्या काठावरून आत जायची असते. प्रथमदर्शनी हे प्रमेय असंभाव्य वाटते. त्याचे उत्तर रिमच्या पोटात आहे: रिमच्या मधोमध एक खोल पन्हळ असते, आणि टायरची कड एका बाजूने त्या पन्हळीत उतरविली की, समोरच्या बाजूला तेवढाच सैलपणा मिळतो, जेवढ्यात ती काठ ओलांडून येऊ शकते. अण्णाचा नवा पोऱ्या एकदा टॉमीवर, म्हणजे टायर काढण्याच्या लोखंडी पहारीवर, लोंबकळून झगडत होता, तार तुटते की टॉमी वाकते अशी अवस्था झाली होती, अण्णाने त्याला बाजूला केले, पलीकडच्या अंगाला टायरवर दोन पाय रोवून उभा राहिला आणि म्हणाला, “जोर नाय लावायचा. हितं दाबला की तिथं येतो.” आणि ती कड खरोखरच आली. रबर मोडणारे बहुतेक लोक टॉमीच्या बाजूला श्रम करतात. खरे काम समोरच्या बाजूला असते, आणि तेथे कोणी पाहत नाही.

रिम मोकळी झाली की, तारेच्या ब्रशने गंज खरवडून तिला रंगाचा हात द्यावा. टायरच्या आतून उघडा तळहात सावकाश फिरवावा. ट्यूब ज्याने फाडली तो बाभळीचा काटा बहुधा तेथेच दडून असतो, आणि तो न काढता नवी ट्यूब घातली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अण्णाचे दर्शन घडते. आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. ट्यूबेत आकार येण्यापुरती थोडी हवा भरावी, वॉल्व्ह छिद्रातून ओढून घ्यावा, आणि कडांना साबणाचे पाणी फासावे. तेल किंवा ग्रीस फासणारे महाभाग आहेत. तेल रबराला खाते, आणि ते वाळत नसल्यामुळे टायर पुढे रिमवर घसरत राहतो. साबण आपले काम करून वाळून जातो, हा त्याचा सौजन्याचा भाग. मग हवा भरू लागावे, आणि अण्णा करतो तसे बाजूला उभे राहून भरावे. कड रिमच्या खांद्यावर चढते तेव्हा मोठा आवाज होतो, नवखा मनुष्य दचकतो. टायरच्या कडेलगत रबराची जी बारीक गोल रेघ असते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे टायर नीट बसला. न बसला तर हवा सोडून, पुन्हा साबण लावून नव्याने आरंभ करावा. ३५ पाउंडांच्या पुढे दाब नेऊन त्याला बळाने बसवू पाहणे हा जिवाशी खेळ आहे, आणि टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंग करणे हा त्याहून भयंकर. आत कोंडलेले वायू तापून पेटले की टायर फुटतो आणि जवळच्या मनुष्यास पळण्याची मुदत मिळत नाही. टायर बसल्यावर सगळी हवा एकदा सोडून पुन्हा भरायची, म्हणजे ट्यूबेला पडलेल्या चुण्या उलगडतात. नट समोरासमोरचे आवळत जायचे, आणि काही तासांच्या कामानंतर पुन्हा एकदा आवळायचे. हा शेवटचा हुकूम अण्णा प्रत्येक गिऱ्हाईकाला देतो, आणि त्याची अंमलबजावणी किती होते हे रस्त्याकडेला तीन चाकांवर कललेल्या ट्रॉल्यांवरून कळते.

चाकात पाणी भरण्याची रीत शहरी पाहुण्याला नेहमी चमत्कारिक वाटते. चाक उचलून वॉल्व्ह वरच्या टोकाला आणायचा आणि त्यातून पाणी परत येऊ लागेपर्यंत भरायचे; म्हणजे पोटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग भरतो, आणि वर उरलेल्या जागेत हवा. १३.६–२८ सारख्या एका टायरात दीडशे लिटरांहून अधिक पाणी सामावते, म्हणजे दोन्ही चाके मिळून तीन क्विंटलांच्या वर वजन, आणि तेही मोफत, कालव्याचे. पूर्ण भरू मात्र नये. पाणी दबत नाही, आणि धक्का पचविण्यासाठी थोडी हवा लागतेच. थंड मुलुखांत हे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आणि मग ते रिम खाऊन टाकते. आमच्याकडे ही चिंता नाही. वजन घालण्यालाही मर्यादा आहे. चाक मुळीच घसरू नये अशी पुतण्याची समजूत होती, आणि त्यासाठी बिडाच्या वजनांच्या चकत्या आणाव्यात असा त्याचा बेत चालला होता. वास्तविक ओढताना शंभर फेऱ्यांपैकी दहा-पंधरा फेऱ्यांचे अंतर जमिनीत जिरणे हे योग्यच असते. ती मंजूर तूट आहे. त्याहून कमी घसरण म्हणजे ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झाला, तो आपलेच ओझे वाहण्यात डिझेल जाळतो आहे, आणि आमच्यासारख्या काळ्या जमिनीचा तळ दाबून टणक करतो आहे. “नाना, तुम्हाला ह्यातलं कवा कळायला लागलं?” असे त्याने विचारले, पण चकत्या आणल्या नाहीत.

टायरचे शत्रू ऋतुमानाप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात बांधावरची वेडी बाभूळ. पौष-माघात तुरीचे आणि पऱ्हाटीचे खुंट, जे कोयत्याने तिरपे कापल्यामुळे भाल्यासारखे उभे असतात आणि टायरच्या कुशीत सरळ शिरतात. कारखान्याच्या हंगामात डांबर, जे शेतातल्या दात्यांना मातीपेक्षा कितीतरी लवकर झिजवते. भाताच्या मुलखात, मावळात किंवा भंडारा-गोंदियाकडे, चिखलणीला मागच्या चाकांशी लोखंडी पिंजऱ्याची केज व्हील जोडतात, आणि तेथे पुन्हा जुने लोखंड उपयोगी पडते. मात्र तीच चाके तशीच डांबरी रस्त्यावर नेणाऱ्याला सारे गाव शिव्या देते, आणि त्या योग्यच असतात. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर सावलीत ठेवावा, ऊन रबराला चिरते. सांडलेले डिझेल पुसून काढावे. आणि हवा आठवड्यातून एकदा, चाक थंड असताना आणि वॉल्व्ह वर असताना मोजावी, नाहीतर पाणी मापकात शिरते. या सूचना प्रत्येक नव्या ट्रॅक्टरबरोबर पुस्तिकेत छापून मिळतात. आमच्या पुतण्याची पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, सीलबंद, देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे.

तालुक्याच्या गावी जुन्या ट्रॅक्टरांचा बाजार भरतो, तेथे या साऱ्या निष्काळजीपणाची किंमत ठरते, आणि ती पद्धत मला फार पसंत आहे. मालक इंजिनाच्या तासांविषयी सांगतो ते कोणी ऐकत नाही. घेणारा सरळ मागे जातो, दात्यांत बोट घालतो, कुशीवरून हात फिरवतो, वॉल्व्हपाशी वाकतो, आणि टायर किती टक्के राहिले आहेत ते जाहीर करतो. “सत्तर टक्के,” मालक म्हणतो. “पन्नासबी न्हाईत,” घेणारा म्हणतो. चहा येतो. दलाल मध्ये पडून साठ म्हणतो, दोघे जण नाखुशीने मान हलवतात, आणि हजारो रुपयांची उलाढाल त्या आकड्यावर होऊन जाते. कोणी फूटपट्टी काढीत नाही, कोणी साक्षीदार बोलावीत नाही. नकाशे, मोजणीचे खुणेचे दगड आणि सरकारी शिक्के हाताशी असताना अर्ध्या गुंठ्यासाठी दोन पिढ्या चाललेले दावे ज्याने दप्तरात बांधून ठेवले आहेत, त्या मनुष्याने त्या बाजारात दुपारभर का बसून राहावे, हे आमच्या घरी अजून कोणाला उमगलेले नाही.